पारुबाईची रुजू तारीख

किसनरावांच्या नातीचं, जान्हवीचं पहिलं बाळंतपण माहेरी, कुरुंद्याला झालं, ते साल दोन हजार सव्वीस. पाडव्याला लेकरू सव्वा महिन्याचं झालं होतं. घरात बाळंतशेपांचा वास आणि बाहेर हळदीचा. त्याच पाडव्याला किसनरावांच्या कारखान्यात नारळासोबत कागद द्यायचं ठरलं, आणि त्या कागदावरून आदल्या दिवशी घरात वाद झाला.

कारखाना घराला लागूनच होता. पत्र्याची दोन शेडं, हळद शिजवायच्या कढया, पॉलिशचे ढोल आणि पुढे मोठं फरशीचं अंगण. कामावर चाळीसेक माणसं, त्यातल्या निम्म्याहून जास्त बाया. बाया हळकुंडं निवडत. पाडव्याला गुढी उभी झाली की सगळे या अंगणात जमत. किसनराव खुर्चीवर बसत. त्यांची थोरली लेक पारुबाई नारळाचं ताट घेऊन उजव्या बाजूला उभी राही आणि एकेकाचं नाव पुकारी. माणूस पुढे आला की किसनराव विचारत, "वर्सभर?" तो म्हणे, "वर्सभर." नारळ हातात पडे. एवढ्यावर साल चाले. कोण कोणत्या साली कामावर आलं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण ते विचारायला कधी कोणी आलं नव्हतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी अपूर्व आला. तो औंढ्याच्या एका पुजाऱ्याचा मुलगा. हिंगोलीत कारखान्यांचे, दुकानांचे कामगारांविषयीचे कागद करून देई. किसनरावांचा थोरला मुलगा सोमेश्वर याने त्याला ओसरीवर बसवलं. कारखाना सोमेश्वरच पाही. धाकटा देविदास वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे हळदीच्या बाजारात, मालाचं बघे. तोही आज मुद्दाम थांबला होता. किसनराव बाजेवर कलले होते. डोळे मिटलेले, पण कान उघडे.

"जुने एकोणतीस कायदे मिळून चार केलेत काका," अपूर्व म्हणाला. "नोव्हेंबरात लागू झाले. राज्याचे नियम अजून पुरते आलेले नाहीत, पण त्यासाठी थांबू नका. पहिली गोष्ट, कामावरच्या प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र."

"चाळीस लोकायला?" देविदास म्हणाला.

"प्रत्येकाला. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. चाळिशीच्या पुढच्यांची वर्षातून एकदा तपासणी, खर्च मालकाचा."

सोमेश्वर हसला. "ते बायांला कळालंय. परवा वय लिहून घेतलं तर एकीनंबी चोरलं न्हाई. जिला मी तीसची समजत होतो ती बेचाळीसची निघाली."

"आणि रात्री बायांना कामावर बोलवायचं तर त्यांची संमती लागेल."

चहा घेऊन आलेली पुनम, सोमेश्वरची बायको, कप ठेवता ठेवता सोमेश्वरला म्हणाली, "हे बरंय. मंग रात्री मोंढ्यावरून आल्यावर मला भाकरी टाकाय लावतात त्याला कोणाची संमती घेतात, ते इचारा तुमच्या भावाला."

देविदास खाली मान घालून चहा प्यायला. अपूर्वला हसावं की नाही ते कळेना.

खरा विषय पुढे निघाला. पत्रात रुजू झाल्याची तारीख लिहायची होती. देविदासचं म्हणणं सरळ होतं. "कायदा ज्या दिवशी लागू झाला तीच तारीख टाका सगळ्यायला. नाहीतरी आपल्याकडं दर पाडव्याला नारळ असतो. दर पाडव्याला नवा करार. जुनं ते संपलं."

"मधे कधी कोणाला घरी बसवलं होतं?" अपूर्वने विचारलं.

"न्हाई," सोमेश्वर म्हणाला.

"मग ती एकच नोकरी झाली. तुम्ही नवी तारीख टाकू शकता, पण उद्या कोणी सोडून गेलं आणि ग्रॅच्युइटीचा विषय निघाला, तर ती तारीख टिकणार नाही. केलेलं काम पुसलं जात नाही. खरी टाका, तुमचीच झोप चांगली लागेल."

सोमेश्वरला ते पटलं. गेल्या महिन्यात सांगलीच्या एका मसालेवाल्याने माल उचलण्याआधी कामगारांचे कागद मागितले होते, आणि सोमेश्वरकडे दाखवायला काही नव्हतं. तेव्हापासून त्याच्या मनात एक विचित्र शरम होती. आपण एवढी वर्षं मालक होतो की नुसते घरचे लोक होतो, हे त्याचं त्यालाच नीट सांगता येत नव्हतं.

त्याने नावांचा कागद अपूर्वकडे सरकवला. पुनम उभीच होती. तो वाचून ती म्हणाली, "आक्काचं नाव न्हाई यात."

पारुबाईला घरात सगळे आक्का म्हणत. बाजेवरून किसनराव म्हणाले, "ती घरची हाय."

"घरची तर मीबी हाय आबा. पण बायांच्या आधी शेडात कोण जातं? ढोल बंद पडला तर हाक कोणाला मारतात?"

"पुनम," सोमेश्वर म्हणाला. तो तिला गप्प करत होता की पुढे बोल म्हणत होता, ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

अपूर्वने जपून विचारलं, "त्यांना पगार मिळतो का?"

"लागंल ते मिळतं," देविदास म्हणाला. "लुगडं, दवापाणी, सगळं. आपल्या बहिणीला पगार देतं का कोणी?"

"मग मी काही सांगू शकत नाही. पगार देऊन ठेवलं तर त्या कामगार, पत्र द्यावं लागेल. नाही तर त्या घरच्या, पत्राचा संबंध नाही. हे कायद्याने नाही, तुम्ही ठरवायचं."

किसनराव उठून बसले. "मी लेकीच्या हातात नोकरीचा कागद देनार न्हाई. लोक काय म्हनतील, बापानं लेकीला रोजानं लावली?" आणि ते परत कलंडले, या वेळी भिंतीकडे तोंड करून.

*

किसनरावांच्या पत्नी नर्मदाबाई चुलीपुढे नव्हत्या. गुडघ्यांमुळे त्यांनी चूल सोडून तीन उन्हाळे झाले होते. पण स्वयंपाकघरातली खुर्ची त्यांनी सोडली नव्हती. ओसरीवरचं सगळं तिथे ऐकू येई. पुनम आत आली तसं त्या म्हणाल्या, "तुला काहून मधी बोलायचं होतं?"

"कोणीतरी बोलाया पाह्यजे आत्याबाई."

"कालपर्यंत तर तुजं आन् तिचं मिठावरून भांडन होतं."

"ते आजबी हाय. आक्का भाजीत मीठ जास्तच टाकतात." पुनमने परातीत पीठ घेतलं. "पण आपल्या जान्हवीकडं बघा. नांदेडच्या दवाखान्यात नोकरीला हाय म्हणून सहा महिने पगारी रजा घेऊन आली. लेकराला मांडीवर घेऊन बसलीय, कोणाच्या तोंडाकडं बघावं लागत न्हाई. आक्काला मागच्या साली ताप आला तवा काय झालं? दुसऱ्या दिवशी शेडात. कोणाला सुटी मागावी? मालकच न्हाई तिला."

नर्मदाबाईंनी गुडघा चोळला. मग म्हणाल्या, "कागदावर तारीख टाकावं लागती म्हनं."

"व्हय. कधीपासून कामाला लागल्या ती."

"मंग नको."

पुनमने पिठातून हात काढले. आत्ता तिला कळलं.

पारुबाईचं सासर कनेरगाव नाक्याला. अधिक महिन्यात लेकी-जावयांना जेवायला बोलवायची रीत. जावयाला पुरणाचे धोंडे वाढायचे, वाण द्यायचं. अशाच एका धोंड्याच्या महिन्यात बोलावणं गेलं आणि पारुबाई एकटी आली, पत्र्याची पेटी घेऊन. नवऱ्याने दुसरी आणली होती. नर्मदाबाईंनी शेजारणींना सांगितलं, "धोंड्याला आली पारु." महिना संपला, हंगाम संपला, तरी त्या तेच सांगत राहिल्या. नंतर कोणी विचारीनासं झालं, तरी त्यांच्या मनात ते तसंच होतं. धोंड्याला आलेली लेक परत जायची असते. कामाला लागलेली नसते.

"आत्याबाई," पुनम हळू म्हणाली, "आक्काचा माणूस वारूनबी चार वर्सं झाली."

"ठाव हाय मला," नर्मदाबाई म्हणाल्या. "मी काय येडी हाव का?"

*

संध्याकाळी पारुबाई शेडात बायांसोबत बसली होती. कोणी येऊन तिला काही सांगितलं नव्हतं, पण तिला सगळं माहीत होतं. त्या घरात भिंतींपेक्षा दारं जास्त होती.

सोमेश्वर तारखा विचारायला आला होता, हातात पेन. मिराबाई सगळ्यांत जुनी. तिने सांगितलं, "माजं लिवा, आक्का धोंड्याला आली त्याच्या आधी दोन दिवाळ्या."

"साल सांग ना मावशी."

"सालच सांगितलं की."

दुसरी म्हणाली, "मी आक्का आली त्याच हंगामाला." तिसरी म्हणाली, "आक्का आली तवा माजा गणू पोटात होता, तो चालाय लागला आन् मी आले." सोमेश्वरने पेन खाली केलं. वीस-बावीस बायांची सालं एकाच खुंटीला टांगलेली होती, आणि ती खुंटी त्याच्या बहिणीची होती.

मागून देविदास आला होता. "धोंडा दर तीन वर्साला येतो. कोणता धोंडा?"

बायांनी पारुबाईकडे पाहिलं. पारुबाई निवडत राहिली. मोठी हळकुंडं एकीकडे, मोडकी दुसरीकडे. तिला साल माहीत होतं. पण ते तिने आजवर तोंडाने उच्चारलं नव्हतं, कारण आईला ते आवडत नसे.

"मला इचारून काय उपेग?" ती म्हणाली. "मी कुठं कामाला हाव? मी तर घरची हाव."

मिराबाई हसली नाही. "दादा, आक्काचं साल लागंल तवा आमचं लागंल. तवर कोरंच ठेवा. आमाला काय घाई न्हाई."

देविदासने सोमेश्वरला बाजूला घेतलं. पण त्याला हळू बोलायची सवय मोंढ्यात कधी लागलीच नव्हती. "ऐक, मी इचार करून राहिलो. देऊन टाक आक्काला पत्र. नोकर म्हणून एकदा कागदावर आली की उद्या वाट्याचा विषयच मिटला."

सोमेश्वरने त्याच्याकडे पाहिलं. दुपारी जो पत्राच्या विरुद्ध होता तो आता बाजूने बोलत होता, आणि तरीही सोमेश्वरला तो आपल्या बाजूचा वाटेना.

"देवा," पारुबाईने बसल्या जागेवरून हाक मारली.

"काय आक्का?"

"त्या अपूर्वला इचारलंस का? पत्रानं वाटा जातो का ते?"

देविदासने मान दुसरीकडे वळवली.

"इचारलं असशील. न्हाई म्हणला असंल. लेकीचा वाटा येगळा आन् कामाचा पगार येगळा. वाट्याचं आबा हायेत तवर मी काढत न्हाई. पण सोडला असं मी कुठं म्हणलं न्हाई हां. तू आपला नीट जेव, नीट झोप."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. देविदासही हसला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

तो गेल्यावर सोमेश्वर तिच्याजवळ उकिडवा बसला. "आक्का, तुला पाह्यजे का पत्र? खरं सांग."

पारुबाईने हातातलं हळकुंड मोडून पाहिलं. आत चांगलं भगवं होतं.

"पाह्यजे," ती म्हणाली. "पण खरी तारीख पाह्यजे. आजची टाकून दिलं तर नको. मंग मी एवढे दिवस इथं काय करत होते?"

*

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी राहिली. कडुलिंब आणि गूळ सगळ्यांच्या हातावर पडला. अंगण धुऊन काढलं होतं, तरी फरशीच्या फटींत पिवळं होतंच. किसनराव पांढरं धोतर, नवी टोपी घालून खुर्चीवर बसले. पारुबाई ताट घेऊन उजव्या बाजूला. टेबलावर पत्रांचा गठ्ठा, सोमेश्वर आणि अपूर्व. बायांच्या पत्रांत तारखेची जागा कोरी होती.

आधी गडीमाणसं झाली. त्यांच्या तारखा जुळल्या होत्या. कोणाचं लग्न, कोणाच्या बैलजोडीचं साल असं धरून. "वर्सभर?" "वर्सभर." नारळ आणि पत्र. एकाने पत्र उलटं धरून वाचल्यासारखं केलं आणि म्हणाला, "आबा, यात लिवलंय की मला दुपारी झोपू द्यावं." किसनरावांची मिशी हलली.

मग पारुबाईने पुकारलं, "मिराबाई."

मिराबाई पुढे आली, पण नारळाला हात लावला नाही. "आबा, नारळ घेते. कागद राहू द्या. कोरा कागद नेऊन काय करू?"

"साल सांग, लिहितो," किसनराव म्हणाले.

"आक्का धोंड्याला आली त्याच्या आधी दोन दिवाळ्या."

मागे बाया ओळीत उभ्या होत्या. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी पुढे सरकलं नाही. किसनरावांनी वळून पारुबाईकडे पाहिलं. तिने ताट खाली, टेबलावर ठेवलं. ती वळसा घालून पुढे आली आणि बायांच्या ओळीत सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

इतक्या वर्षांत ती त्या बाजूला कधी उभी राहिली नव्हती. किसनरावांना तिचा चेहरा समोरून दिसला. ती म्हातारी होत चालली होती. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, कारण दर पाडव्याला ती त्यांच्या शेजारी असे.

ते काही बोलणार तेवढ्यात मागच्या दारात काठीचा आवाज झाला. नर्मदाबाई पुनमच्या खांद्यावर हात ठेवून आल्या. पाडव्याच्या नारळाला त्या कधी अंगणात येत नसत. त्यांनी टेबलावरचं ताट उचलायचा प्रयत्न केला. ते जड होतं. पुनमने खालून हात दिला.

"अपूर्व," नर्मदाबाई म्हणाल्या. "लिव. अधिक श्रावन. पोर्निमेच्या आदल्या दिशी दिवेलागनीला आली. दुसऱ्या दिशी शनवार होता. मी मारुतीला तेल घातलं, आन् परत येऊन बघते तर ही शेडात, बायांत बसलेली. मी म्हणलं, ऊठ, धोंड्याला आलेली लेक काम करती का? उठली न्हाई."

अपूर्वने फोनमध्ये पाहिलं. "दोन हजार चार. एकतीस जुलै. शनिवार."

"शनवारच," नर्मदाबाई म्हणाल्या. "तवापासून कामाला हाय ती."

ते वाक्य त्यांनी कोणाकडे न पाहता म्हटलं. मग किसनरावांकडे वळून त्या म्हणाल्या, "अवो, मी सांगितलं. आता तुमी इचारा तिला. सगळ्यायला इचारता ते."

मिराबाईने तेवढ्यात बोटांवर हिशेब केला. "मंग माजं दोन हजार दोन," ती म्हणाली आणि नारळ-कागद दोन्ही घेऊन बाजूला झाली. तिच्या मागून एकेक साल लागत गेलं, गाठीतली पदकं ओवावीत तसं. सोमेश्वर लिहीत होता. पुनम पुकारत होती.

शेवटी पारुबाई उरली. तिचं पत्र सोमेश्वरने रात्रीच करून गठ्ठ्याच्या तळाशी ठेवलं होतं; त्यावर आता तारीख पडली.

किसनराव खुर्चीवर बसून नारळ देत. तिला द्यायला ते उठले. 

"वर्सभर?" त्यांनी विचारलं.

पारुबाईने आधी पत्र वाचलं. सावकाश, पहिल्या ओळीपासून. मग ती म्हणाली, "वर्सभर. पगारी रजा धरून."

"कोणासारखी गं ही?" किसनराव नर्मदाबाईंना म्हणाले.

"माज्यासारखी न्हाई," नर्मदाबाई म्हणाल्या. "मला कोणी कागद दिला व्हता?"

"आत्याबाई, पुढच्या पाडव्याला आपल्या दोघींचं बघू," पुनम म्हणाली, आणि देविदास घाईघाईने गाड्या मोजायला निघून गेला.

त्या वर्षी पारुबाईने एकदाच रजा घेतली. अर्ज तिने स्वतः लिहिला, जेवढा जमला तेवढा, आणि सोमेश्वरच्या टेबलावर ठेवला. कारणाच्या जागी लिहिलं होतं, "आई." सोमेश्वरने त्यावर सही केली आणि पेनाचं टोपण लावायला त्याला बराच वेळ लागला. तेरा दिवस ती शेडात गेली नाही. बायांनी तिची जागा रिकामी ठेवली.

नर्मदाबाई दोन हजार सव्वीसच्या जून महिन्यात, धोंड्याच्या महिन्यातल्या दुसऱ्या एकादशीला, सकाळी घरातच वारल्या.